तिसरं बक्षीस

शनिवारी सकाळी साडेआठला शोरूमची मीटिंग असायची. इलिनॉय राज्यात रविवारी गाड्या विकायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे आठवड्याचा खरा धंदा शनिवारचा. शिकागोच्या वायव्येकडचं उपनगर, मोठ्या रस्त्याला लागून एकापुढे एक गाड्यांची दुकानं, त्यातलं एक आमचं. आम्ही चौदा सेल्समन हातात कॉफीचे कागदी कप घेऊन उभे. समोर पांढरा फळा, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे त्या महिन्यात विकलेल्या गाड्यांचा आकडा. महिन्याची सोळा तारीख होती आणि माझ्या नावापुढे दोन.

त्या दिवशी मॅनेजरने भाषण केलं नाही, टीव्ही लावला. पडद्यावर पावसाळी रात्र, कळकट ऑफिस, तीन दमलेले सेल्समन आणि त्यांच्यापुढे महागडा सूट घातलेला एक देखणा माणूस. तिघांतला सगळ्यात म्हातारा कॉफी ओतून घ्यायला उठतो, तर हा म्हणतो, ती कॉफी खाली ठेव, सौदा पुरा करेल त्यानेच कॉफी प्यायची. मग महिन्याची स्पर्धा जाहीर करतो. पहिल्याला कॅडिलॅक एल्डोराडो गाडी. दुसऱ्याला सुऱ्यांचा संच. तिसरं बक्षीस, नोकरीवरून काढून टाकणार. मनगटावरचं घड्याळ काढून दाखवतो आणि सांगतो की हे तुझ्या गाडीपेक्षा महाग आहे. फळ्यावर तीन शब्द: 'ऑल्वेज बी क्लोजिंग'. झोपेतून उठल्यापासून सौदा पुरा करायच्या मागे लागा, असा त्याचा अर्थ.

सात-आठ मिनिटांत क्लिप संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कुणा यशस्वी सेल्समनवरचा सिनेमा असेल आणि हा त्याचा नायक, असं मला वाटलं.

तो सिनेमा 1992 सालचा, 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'. तो सूटवाला माणूस, म्हणजे अ‍ॅलेक बाल्डविन, तेवढी सात-आठ मिनिटंच सिनेमात आहे. बोलतो आणि निघून जातो, पुन्हा दिसत नाही. राहिलेला दीड तास त्या भाषणानंतर ऐकणाऱ्यांचं काय होतं त्याचा आहे. जगभरातल्या सेल्सच्या ऑफिसांमध्ये ती सात-आठ मिनिटं दाखवतात. तो दीड तास मला कुणी दाखवला नाही, पुढे मी एकट्याने पाहिला. त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि त्यासाठी आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं.

नाशिकला मी सात वर्षं औषध कंपनीत एमआर होतो. नाशिक, मालेगाव, धुळे, कधी जळगाव. बॅग, टाय, डॉक्टरांच्या दाराबाहेरचं बाकडं, रात्री नऊला साहेबांचा फोन. महिन्याचे शेवटचे तीन दिवस स्टॉकिस्टच्या दुकानात बसून 'आणखी पाच पेट्या घ्या, नाही खपल्या तर परत घेतो' असं अजीजीने सांगायचं, कागदावर टार्गेट पुरं करायचं आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत आलेला बघायचा. हे आयुष्य मराठी घरांत ठाऊक आहे. प्रत्येकाच्या नात्यात एक तरी एमआर असतो.

बायकोला शिकागोजवळ नोकरी लागली आणि मी डिपेंडंट व्हिसावर इकडे आलो. 2015 पासून अशा काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. माझी आली तेव्हा मी हातात पहिलं आलेलं काम धरलं. गाड्या विकायचं. विकणं येत होतं, इंग्रजी कामापुरतं येत होतं, आणि दोन वर्षं घरात बसून झालेली.

पगाराची पद्धत समजायला मला महिना लागला. पगार असा नव्हताच. होता तो 'ड्रॉ'. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो ना, तशीच ही कमिशनवरची उचल. महिन्याकाठी कमिशन उचलीपेक्षा जास्त झालं तर वरचे पैसे तुमचे. कमी झालं तर फरक तुमच्या अंगावर, पुढच्या महिन्यातून वळता. गाडी फायद्याशिवाय विकली गेली की तिला 'मिनी' म्हणायचे, म्हणजे ठरलेलं किमान कमिशन, किरकोळ. पाच मिनी विकून माणूस फळ्यावर बरा दिसायचा आणि घरी उचलीतच राहायचा. माझे पहिले चार महिने असेच गेले. मुकादम हा शब्द तेव्हा फार आठवायचा.

आणि लीड्स. लीड म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर आणि त्याला काय हवंय त्याची चिठ्ठी. वेबसाइटवरून चौकशी करणारे लोक निम्मं मन करूनच आलेले असतात, त्यांच्या लीड्स सोन्याच्या. त्या जायच्या फळ्यावरच्या पहिल्या तिघांना. उरलेल्यांनी दारात उभं राहून पाळीपाळीने आत येणारा माणूस घ्यायचा, नाहीतर वर्षभरापूर्वीच्या शिळ्या यादीवर फोन करत बसायचं. म्हणजे जो विकतो त्याला आणखी विकायला मिळतं आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात शिळी यादी. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: आधी विकून दाखव.

सिनेमातलं सगळं भांडण नेमकं याचं आहे. जमिनीचे प्लॉट विकणारं एक छोटं ऑफिस. नव्या, ताज्या लीड्स आल्यात, 'ग्लेनगॅरी'च्या, पण त्या कपाटात बंद. फक्त सौदा पुरा करणाऱ्यांना मिळणार. बाकीच्यांनी जुन्याच नावांवर फोन करायचे, ज्यांनी दहादा नाही म्हटलंय. एका रात्रीत कुणीतरी ऑफिस फोडून त्या लीड्स चोरतं, आणि सकाळी पोलीस एकेकाला आत बोलावतात. गोष्ट एवढीच. जागाही जवळजवळ दोनच, ऑफिस आणि समोरचं चिनी हॉटेल. आपल्या लोकांनी हा सिनेमा नाटक बघतो तसा बघावा. इथे घडतं ते शब्दांत. शिव्या मात्र भरपूर आहेत, आईवडिलांबरोबर लावू नका.

मुळात ते नाटकच. डेव्हिड मॅमेटने लिहिलेलं, 1983 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं आणि 1984 च्या सुरुवातीला आमच्या शिकागोत, गुडमन थिएटरमध्ये. त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मॅमेट शिकागोचाच. साठच्या दशकाच्या अखेरीस तो शहराच्या उत्तर भागात अशाच एका जमिनी विकणाऱ्या ऑफिसात कामाला होता, लीड्स वाटायच्या खुर्चीवर. नाटकही शिकागोत घडतं, सिनेमाचं चित्रीकरण मात्र न्यूयॉर्कमध्ये झालं. आणि कॉफीवालं ते भाषण नाटकात नाहीच. सिनेमासाठी मॅमेटने ते वेगळं लिहिलं. म्हणजे आज जो भाग लोकांना तोंडपाठ आहे, त्याच्याशिवाय नाटक पूर्ण होतं आणि पुलित्झर मिळवून बसलं होतं.

मी सिनेमा पाहिला तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी. बाहेर उणे अठरा, बायको मैत्रिणीकडे, मी सोफ्यावर रजई घेऊन. अर्ध्या तासात मला उठून बसावं लागलं.

त्या म्हाताऱ्याचं नाव शेली लेव्हीन. काम जॅक लेमनचं, आणि त्यासाठी त्याला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. एके काळी ऑफिसात त्याला 'मशीन' म्हणायचे, इतका माल विकायचा. आता हात आटलाय. मुलगी हॉस्पिटलात आहे, ती आपल्याला एकदाही दिसत नाही, तो फोनवर बोलतो तेवढीच. त्याला दोन ताज्या लीड्स हव्यात. भर पावसात, गाडीत बसून तो वयाने कितीतरी लहान असलेल्या मॅनेजरला विनवतो. आधी हुकूम, मग आठवणी, मग लाच. कमिशनमधले वीस टक्के आणि वर लीडमागे पन्नास डॉलर देतो म्हणतो. मॅनेजर म्हणतो, ठीक, पैसे आत्ता दे. खिशात तेवढे नसतात. उद्या देतो म्हणतो. मॅनेजर निघतो.

लेमनचा तो चेहरा शब्दांत धरता येत नाही. एक हसू आहे, विक्रेत्याचं, ते ओठांवरून उतरतच नाही. आत सगळं कोसळतंय तरी हसू जागेवर. मी ते हसू सात वर्षं डॉक्टरांच्या दाराबाहेर लावून बसलो होतो. आणि शोरूममध्ये रोज शेजारच्या टेबलावर बघत होतो.

आमच्याकडे एक साठी ओलांडलेले सेल्समन होते. पोलिश घरातले, शिकागोतच वाढलेले. मी आलो त्या आठवड्यात त्यांनीच मला धंदा शिकवला. बर्फ पडत असताना जो आत येतो तो बघायला आलेला नसतो, घ्यायला आलेला असतो, त्याला सोडू नकोस. बायकोला खुर्ची आधी दे. किंमत विचारली की लगेच आकडा सांगू नकोस, पण खोटंही सांगू नकोस. त्यांच्या टेबलाच्या खणात बुटांचा जुना खोका होता, त्यात हाताने लिहिलेली कार्डं, वीस वर्षांची गिऱ्हाइकं. मुलांची नावं, कुत्र्याचं नाव, कुठली गाडी कधी घेतली. वाढदिवसाला ते स्वतः पत्र टाकायचे. पूर्वी फळ्यावर त्यांचं नाव वरती असायचं म्हणे. पण चौकशा संगणकावरून यायला लागल्या आणि त्या चौकशा दुसऱ्यांकडे जाऊ लागल्या. महिनाअखेरीला ते मॅनेजरच्या काचेच्या खोलीत जायचे आणि हसत बाहेर यायचे. काच होती, त्यामुळे आतला आवाज येत नसे, फक्त हात हलताना दिसायचे.

सिनेमा पाहिल्याच्या पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो तेव्हा फळ्यावरून त्यांचं नाव पुसलेलं होतं. इतकी वर्षं एकाच जागी लिहिलेलं नाव, पुसूनही नीट दिसत होतं. दुपारी मॅनेजरने मला बोलावलं आणि तो खोका माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, यातली नावं तुझी, फोन लावायला घे. मी घेतला. उचल अंगावर होती. नाही म्हणण्याचा विचार मनात आला होता एवढं खरं, पण तो विचार घेऊन मी टेबलावर गेलो आणि फोन लावला. निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न त्यांचाच विचारला, कसे आहेत, दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत. मी सांगायचो, त्यांनी काम थांबवलंय. त्या खोक्यातून मी दोन महिन्यांत सहा गाड्या विकल्या.

सिनेमात एक प्रसंग आहे. मॉस नावाचा चिडका सेल्समन अ‍ॅरोनाउ नावाच्या भित्र्या सोबत्याला सांगत असतो की कुणीतरी त्या लीड्स चोरून दुसऱ्या कंपनीला विकायला हव्यात. अ‍ॅरोनाउ विचारतो, आपण नुसतं बोलतोय ना? की खरंच? हळूहळू कळतं की चोरी त्यानेच करायची असं मॉसने ठरवून टाकलंय. मी काय केलं, असं तो विचारतो. मॉसचं म्हणणं एवढंच, तू ऐकून घेतलंस. एड हॅरिस आणि अ‍ॅलन आर्किन या दोघांनी हा प्रसंग इतका बारीक खेळलाय की मी तो तिथल्या तिथे तीनदा मागे नेऊन पाहिला. शिकागोतल्या पहिल्या प्रयोगात अ‍ॅरोनाउ केला होता माइक नुसबॉम या इथल्या नटाने. ते 2023 च्या डिसेंबरात गेले, शंभरीला आठवडाही उरला नव्हता. त्यांचं काम मला बघायला मिळालं नाही याची हळहळ वाटते.

ऐकून घेतलंस म्हणून तूही त्यात आलास. खोका घेताना मी काहीच बोललो नव्हतो, नुसतं ऐकलं होतं.

आता पटेलबद्दल. हे लिहिल्याशिवाय भारतीय माणसाला या सिनेमाबद्दल लिहिता येणार नाही. रिकी रोमा हा ऑफिसातला सर्वांत यशस्वी सेल्समन, काम अल पचिनोचं. मॅनेजर त्याच्या हातात एक लीड ठेवतो. नाव वाचून तो भडकतो. पटेल! या भारतीयांना विकून मी पोट भरू का? शिव आणि विष्णू या दोघांचीही नावं घेऊन तो म्हणतो की देवाने पैसे हातात ठेवले तरी हा माणूस सही करायचा नाही. आणि त्यांच्या रंगावरून एक शिवी देतो. त्या ऑफिसात भारतीय नाव म्हणजे कुचकामी लीड.

घरात मी एकटाच होतो आणि तरी कान तापले. कारण शोरूममध्ये भारतीय आडनावाची प्रत्येक शिळी लीड माझ्याच टेबलावर यायची. 'तुझे लोक', असं म्हणून. ते लोक तासन् तास घासाघीस करतात आणि घेत नाहीत, असा फ्लोअरवर सगळ्यांचा समज. तो समज त्यांना कुठून आला हे मला त्या रविवारी कळलं. धंद्याची जुनी म्हण आहे ती, चाळीस वर्षांपूर्वीच्या शिकागोतली. ज्या शिकागोत मॅमेट हे ऐकत होता, त्याच शहरात डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर 1974 मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं होतं. आज अमेरिकेत आपला किराणा म्हटलं की तेच नाव येतं. त्या पटेलांनी दलदलीतला प्लॉट घेतला नाही हे त्यांचं शहाणपण होतं. सेल्समनना ते चिक्कूपण वाटलं.

कारण माल तसलाच होता. फ्लोरिडातल्या जमिनी विकणं हा तेव्हा अमेरिकेतला मोठा उद्योग. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून उत्तरेकडच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला टपालाने आणि फोनवर प्लॉट विकायचे, दहा डॉलर आत्ता आणि दहा डॉलर दरमहा. काही ठिकाणी खरोखर शहरं उभी राहिली. केप कोरल आज मोठं शहर आहे, तिथे 640 किलोमीटरच्या आसपास कालवे खणलेत. पण फ्लोरिडातल्याच दक्षिण गोल्डन गेट इस्टेट्सचा बराचसा भाग पावसाळ्यात पाण्याखाली जायचा. रस्ते आणि कालवे काढून, तुकडे पाडून तो विकला गेला आणि पुढे राज्य सरकारला हजारो मालकांकडून ते तुकडे एकेक करत परत विकत घ्यावे लागले, दलदल पुन्हा दलदल व्हावी म्हणून. 1968 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला की दुसऱ्या राज्यातली जमीन विकताना खरी माहिती लेखी द्यायची.

आपल्याकडे हे नवीन नाही. हा सिनेमा आला त्याच काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत सागवानाच्या योजना विकल्या जात होत्या. आज एवढे भरा, वीस वर्षांनी झाडं लाखांची. माझ्या मामांनी घेतलेल्या सर्टिफिकेटवर झाडाचं सुंदर हिरवं चित्र होतं. सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले ते 1999 मध्ये, तोवर मामांचे पैसे गेले होते. ती योजना त्यांना विकणारा त्यांच्याच शाळेतला शिक्षक होता. मामा त्याला शेवटपर्यंत दोष देत नव्हते. त्याच्या घरात तीन मुलींची लग्नं होती, म्हणायचे.

रोमा कसा विकतो ते बघण्यासारखं आहे. हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक भिडस्त माणूस बसलाय, जेम्स लिंक. काम जोनाथन प्रायसचं. रोमा त्याच्याशी जमिनीबद्दल बोलतच नाही. आयुष्याबद्दल बोलतो, भीतीबद्दल, सुखाच्या क्षणांबद्दल. लिंकला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याशी मन मोकळं करतंय. मग अगदी शेवटी एक माहितीपत्रक टेबलावर येतं. दुसऱ्या दिवशी लिंक ऑफिसात येतो, बायकोने पाठवलेला, करार रद्द करायला. तीन दिवसांची मुदत आहे त्याला. रोमा वेळ काढत राहतो, लेव्हीनला मोठा श्रीमंत ग्राहक म्हणून बसवतो, खोटी घाई दाखवतो. आणि त्या सगळ्या धावपळीत लिंक त्याची माफी मागतो. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याला म्हणतो, मी तुझी निराशा केली, माफ कर.

इथे मी सिनेमा थांबवला.

डिसेंबरच्या तीस तारखेला माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. मूळ कराडकडचं, अमेरिकेत येऊन चार महिने झालेलं, बर्फात बसथांब्यावर उभं राहून कंटाळलेलं. मी मराठीत बोलायला लागलो तसा दोघांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो आठवतो. तास-दीड तास आम्ही गाडीबद्दल बोललोच नाही. मिसळ, कृष्णेचा घाट, कुणाची आई कधी इकडे येणार. तो मला दादा म्हणायला लागला. मी त्याच्या बायकोला वहिनी म्हणायला लागलो. मग मी कागद काढला.

आमच्या धंद्यात चार चौकोनांचा एक कागद असतो. जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीची किंमत, सुरुवातीला भरायची रक्कम आणि मासिक हप्ता. गिऱ्हाइकाची नजर हप्त्याच्या चौकोनावर टिकवून ठेवायची, हे त्यातलं कौशल्य. नव्या माणसाला इथे क्रेडिट हिस्टरी नसते, म्हणून व्याज जबर. मी हप्ता त्यांना झेपेल एवढा खाली आणला, कर्ज बहात्तर महिन्यांवर नेऊन. वर वाढीव वॉरंटी घातली, जिची त्या गाडीला गरज नव्हती. सगळं कागदावर होतं. एक शब्द खोटा नव्हता. त्या गाडीने माझा महिना उचलीच्या वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. रात्री आकडेमोड केली होती त्यांनी. म्हणाल्या, दादा, ही गाडी परत देता येईल का? मी सांगितलं, नाही. इलिनॉयमध्ये शोरूममधून घेतलेल्या गाडीला तीन दिवसांची परतीची मुदत नसते. कायद्याने ते बरोबर होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, सॉरी, तुम्हाला उगीच त्रास दिला.

हेच शब्द.

सिनेमा मी त्या दिवशी पुढे पाहिला. लेव्हीनचं काय होतं ते सांगून टाकतो, तीस वर्षांहून जुना सिनेमा आहे. तो सकाळी नाचत येतो, ब्याऐंशी हजार डॉलरचा सौदा केलाय, मशीन परत सुरू झालंय. थोड्या वेळाने कळतं की तो चेक कागदाच्या किमतीचा. ते नवराबायको भ्रमिष्ट आहेत, त्यांना सेल्समनशी गप्पा मारायला आवडतं, ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. आणि लीड्स त्यानेच चोरल्या, हेही बाहेर येतं, त्याच्याच तोंडून निसटलेल्या एका वाक्यावरून. शेवटी तो मॅनेजरला मुलीची आठवण करून देतो. मॅनेजर ऐकत नाही. मी त्या मॅनेजरवर, केव्हिन स्पेसीने उभ्या केलेल्या त्या थंड माणसावर चिडू शकलो नाही. लीड्स कुठे जायच्या हे त्यालाही वरून सांगितलेलं होतं. वरची माणसं सिनेमात कधी दिसत नाहीत, फक्त त्यांची नावं घेतली जातात, जशी आमच्याकडे साहेबांच्या साहेबांची घेतली जायची.

सिनेमाने तिकिटांवर आपला खर्चही भरून काढला नव्हता. आता त्याचं नाटक ब्रॉडवेवर पुन्हापुन्हा होतं, 2025 मध्येही झालं, आणि तिकिटं महाग. त्याच वर्षी मे महिन्यात दिग्दर्शक जेम्स फोली गेले.

मी शोरूम सोडलं ते पुढच्या जूनमध्ये. आता एका गोदामात मालाच्या आवक-जावकीचं काम बघतो, पगार बांधलेला, कमी. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात त्या कराडच्या घरी फोन केला. ते म्हणाले, या. गाडी खाली उभी होती, बाळाची सीट बसवलेली. मी कागद घेऊन गेलो होतो. वाढीव वॉरंटी मध्येच रद्द करता येते, उरलेल्या मुदतीचे पैसे कर्जातून वजा होतात. आणि वेळेवर हप्ते भरलेले असले की क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या ठिकाणी, कर्ज कमी व्याजावर हलवता येतं. हे दोन्ही मला त्या डिसेंबरातही माहीत होतं.

वहिनींनी टेबल मोकळं केलं. कागद ओळीओळीने वाचला, पेन्सिलने खुणा केल्या, दोनदा मला मागच्या पानावर नेलं. तो बाजूला बाळाला घेऊन उभा होता, काही बोलत नव्हता. मग त्यांनी पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

म्हटलं, "महिनाअखेर होती."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग पेन्सिल पुन्हा उचलली.

"बरं. तो नवा व्याजदर परत एकदा सांगा."